मोजणाऱ्याची नोंदवही: कंपन्यांतील संगणक आणि सॉफ्टवेअर यांच्या गणनेचा इतिहास

महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्या, शाळा, सहकारी बँका आणि जुन्या कंपन्या यांच्या दप्तरांत वापराने संपणाऱ्या आणि वापराने न संपणाऱ्या वस्तूंसाठी दोन वेगळ्या वह्या ठेवण्याची रीत फार जुनी आहे. कागद, शाई, टाचण्या, खडू ही उपभोग्य साठ्याच्या वहीतली मंडळी. टेबल, खुर्ची, कपाट, पंखा आणि भिंतीवरचे घड्याळ यांची जागा दुसऱ्या वहीत, जिला बोलण्यात सर्रास डेडस्टॉक रजिस्टर आणि शासकीय मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. ग्रामपंचायतींच्या लेखासंहितेतील नमुना १६ आजही हेच नाव धारण करून आहे. वस्तू केव्हा आणली, किती नग आणले, काय किमतीला आणले आणि शेवटी तिचे निर्लेखन केव्हा झाले, म्हणजे ती निकामी ठरवून सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने हिशेबातून कधी काढून टाकली, एवढे या वहीला विचारता येते. वहीतला क्रमांक वस्तूवरही असावा, या नियमापायी कार्यालयीन खुर्च्यांच्या पाठीवर आणि टेबलांच्या बुडाशी पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेले आकडे आले, आणि वही व वस्तू यांना जोडणारा तो आकडा हाच पुढच्या साऱ्या पद्धतींचा पूर्वज ठरला.

या वहीच्या मुळाशी तीन गृहीतके होती, आणि खुर्चीच्या बाबतीत ती इतकी उघड होती की कोणी ती शब्दांत मांडण्याच्या भानगडीत पडले नाही. वस्तू जिथे ठेवली तिथे राहते. वस्तू अखंड असते, म्हणजे खुर्चीचा अर्धा भाग दुसऱ्या खुर्चीत बसवला जात नाही. आणि जी वस्तू समोर आहे ती जिच्या ताब्यात आहे त्या संस्थेचीच आहे. संगणक जेव्हा या वहीत शिरला तेव्हा त्याने ही तिन्ही गृहीतके मोडली, मात्र एकदम नव्हे. सगळ्यात आधी मोडले ते तिसरे.

भारतात व्यापारी कामासाठी आलेला पहिला संगणक १९६१ साली मुंबईत एस्सो या तेलकंपनीच्या कार्यालयात बसला. तो आयबीएम १४०१ होता. त्या काळी संगणक विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेण्याचा प्रघात होता, आणि हा प्रघात आयबीएमने कार्डांना भोके पाडून हिशेब करणाऱ्या यंत्रांच्या जमान्यापासून जोपासला होता. अमेरिकेत १९५६ साली झालेल्या न्यायालयीन तडजोडीने कंपनीला यंत्रे विक्रीलाही ठेवणे भाग पडले, तरी बहुसंख्य ग्राहक भाडेकरूच राहिले. भाड्याचे यंत्र ग्राहकाच्या जडसंग्रहात जात नाही, त्यामुळे त्याची मोजणी करण्याची चिंता ग्राहकाला नव्हती. ती होती मालकाला. १९६० च्या दशकातील आयबीएम ३६० या मालिकेच्या यंत्रांवर वापराचे तास मोजणारे दोन मीटर बसवलेले असत, एक ग्राहकाच्या कामासाठी आणि दुसरा दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्याच्या कामासाठी, आणि कोणता मीटर चालावा हे अभियंत्याजवळची किल्ली ठरवी. मूळ भाड्यात महिन्याचे १७६ तास धरलेले असत, त्यापुढील वापराचा आकार वेगळा. घरमालकाने विजेचा मीटर वाचून जावे तसा हा व्यवहार होता. यंत्राने आपल्याविषयीची माहिती आपणच नोंदवून ठेवायची आणि ती तिसऱ्याने येऊन वाचायची, ही कल्पना संगणकाच्या दुनियेत अशी भाडेवसुलीच्या वाटेने आली.

या व्यवस्थेत प्रोग्रॅमला स्वतंत्र किंमत नव्हती. यंत्राबरोबर प्रणाली, शिकवणी आणि अभियंत्याची भेट असे सगळे एकाच भाड्यात येई, आणि घराबरोबर मिळणाऱ्या नळाच्या पाण्यासारखे ते कोणी मोजत नसे. अमेरिकी सरकारने जानेवारी १९६९ मध्ये आयबीएमविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. त्याची चाहूल आधीच लागलेल्या कंपनीने त्याच वर्षी २३ जूनला सॉफ्टवेअर आणि सेवा यांची आकारणी यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले, आणि १ जानेवारी १९७० पासून अमेरिकेत ती अमलात आली. सॉफ्टवेअर उद्योगाचा आरंभ या तारखेपासून मोजण्याची सवय इतिहासकारांना आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु भांडारपालाच्या दृष्टीने पाहिले तर ही तारीख एका पेचाच्या आरंभाची आहे. जिला वजन नाही, जागा लागत नाही आणि जिच्यावर रंगाने आकडा घालता येत नाही, अशा वस्तूचे बिल प्रथमच स्वतंत्रपणे आले.

भारतात हा पेच उशिरा पोहोचला. परकीय चलन नियमन कायद्याखालील भागभांडवलाच्या अटी न मानता आयबीएम १९७८ साली देशाबाहेर गेली आणि तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्याआधीची काही वर्षे संगणक ही राष्ट्रीय चर्चेची वस्तू होती: पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील स्वयंचलनविषयक समितीने १९७२ साली अहवाल दिला तेव्हा देशातील यंत्रे इतकी मोजकी होती की प्रत्येकाच्या आयातीमागे सरकारी परवानगीची फाइल होती. अशा यंत्राचा पत्ता लावण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज कोणाला भासावी? ते वातानुकूलित खोलीत, काचेमागे, सर्वांच्या डोळ्यांसमोर असे.

१९८० च्या दशकात टेबलावरचा संगणक आला आणि चित्र पालटले. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये बाजारात आला, भारताचे आयातधोरण १९८४ च्या अखेरीस सैल झाले, आणि मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत सुट्या भागांतून जोडलेली यंत्रे टेबलांवर दिसू लागली. जडसंग्रहाच्या वहीत त्यांची नोंद ‘संगणक, १ नग’ अशी झाली. कोणी त्यातली स्मृतीची पट्टी काढून दुसऱ्या यंत्रात घातली, कोणी हार्डडिस्क बदलली, कोणी मॉनिटर शेजारच्या विभागाला दिला, तरी वहीतला नग एकच राहिला. येथे अखंडतेचे गृहीतक गेले. पुढे लॅपटॉप आले आणि उरलेले, जागेचे गृहीतकही गेले.

तथापि मोजणीसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची निकड यंत्रांच्या या अदलाबदलीतून निर्माण झाली नाही. सुटे भाग गहाळ झाले तर हळहळ होई, चौकशी होई आणि प्रकरण मिटे. निकड निर्माण झाली ती प्रतीमुळे. एका फ्लॉपीवर आलेला प्रोग्रॅम दहा यंत्रांवर चढवता येत होता आणि मूळ फ्लॉपी जशीच्या तशी राहत होती, त्यामुळे चोरी झाली तरी कोणाचे काही नाहीसे झालेले दिसत नव्हते. भारतीय प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतीच्या व्याख्येत झाला, आणि अशा रीतीने पगारपत्रक काढणारा प्रोग्रॅम कायद्याच्या नजरेत कादंबरीच्या पंगतीला जाऊन बसला. १९९४ च्या दुरुस्तीने, जी मे १९९५ पासून लागू झाली, कलम ६३-ब घातले: प्रत अवैध आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. कादंबरीची चोरटी प्रत वाचणारा वाचक गुन्हेगार ठरत नाही. प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून चालवणारा मात्र ठरतो. या एका फरकाने कंपनीच्या मालकाला आपल्या प्रत्येक टेबलावर काय चालले आहे हे जाणून घेणे भाग पडले.

अमेरिकेत ही पायरी आधीच आली होती. सॉफ्टवेअर विक्रेत्यांच्या संघटनांनी कंपन्यांकडे हिशेब मागण्यास सुरुवात केली, ज्याला व्यवहारात परवान्याचे ऑडिट म्हणतात: खरेदीची कागदपत्रे एका हातात, यंत्रांवर चढवलेल्या प्रतींची यादी दुसऱ्या हातात, आणि दोहोंतील तफावतीचे पैसे दंडासह. सॉफ्टवेअर पब्लिशर्स असोसिएशन या संघटनेने तर कंपन्यांनी आपली तपासणी आपणच करावी म्हणून एसपीऑडिट नावाचा प्रोग्रॅम मोफत वाटला; तो हार्डडिस्क चाळून ओळखीच्या प्रोग्रॅमांची यादी काढी. १९८८ साली स्थापन झालेली बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स आणि त्याच वर्षी भारतात स्थापन झालेली नॅसकॉम यांनी हीच मोहीम येथेही चालवली. येथे या इतिहासाची एक खूण स्पष्ट दिसते, आणि ती पुढेही वारंवार दिसेल: कंपनीने आपल्या मालाची मोजणी केली ती बहुधा परक्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी. आपल्याकडे काय आहे हे जाणून घेण्याची निखळ जिज्ञासा हे कारण फार क्वचित आढळते.

यादी काढणे वाटते तितके सोपे नव्हते, आणि या धंद्याचे खरे कसब त्यातच दडलेले आहे. डिस्कवर फायली असतात, सॉफ्टवेअर नसते. कोणत्या फायलींचा समूह म्हणजे कोणते विकत घेतलेले उत्पादन, हे मोजणाऱ्या प्रोग्रॅमला बाहेरून सांगावे लागते. आरंभीच्या साधनांनी फायलीचे नाव आणि तिचा आकार बाइटमध्ये नेमका जुळला की ओळख पटली असे मानले. नवी आवृत्ती आली की आकार बदलला, त्यामुळे प्रत्येक साधनामागे ओळखखुणांचा एक संग्रह तयार झाला, जो सतत भरत ठेवण्याचे काम माणसेच करीत. त्यातही संच म्हणून विकलेला प्रोग्रॅम आणि सुटा विकलेला तोच प्रोग्रॅम डिस्कवर एकसारखे दिसत, परवाना मात्र निराळा. एकाच कंपनीचे नाव यादीत कॉर्पोरेशन, कॉर्प., इन्कॉर्पोरेटेड अशा चार रूपांत येई, आणि सातबाऱ्यावर एकाच खातेदाराचे नाव चार तऱ्हांनी लिहिलेले पाहिलेल्या माणसाला या गोंधळाची जात सहज कळेल. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००६ साली आयएसओ १९७७० या मालिकेतील पहिला भाग काढला आणि २००९ च्या दुसऱ्या भागात यावर उपाय सुचवला: प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्याबरोबर स्वतःचे ओळखपत्र, म्हणजे नाव, आवृत्ती आणि निर्माता सांगणारी एक छोटी फाइल, आणावी. उपाय योग्य होता. पण ओळखपत्र देणे विक्रेत्याच्या मर्जीवर राहिले, आणि ओळखखुणांचे संग्रह आजही हाताने भरले जातात.

मधल्या काळात यंत्रे तारांनी जोडली गेली होती. एका इमारतीतील शे-दोनशे यंत्रांच्या टेबलापाशी जाऊन फ्लॉपी घालण्याऐवजी एका खोलीत बसून सर्वांना प्रश्न विचारता येईल, ही शक्यता १९८८ च्या एसएनएमपी या संकेतामुळे जाळ्यातील उपकरणांच्या बाबतीत प्रत्यक्षात आली. १९९२ साली स्थापन झालेल्या डेस्कटॉप मॅनेजमेंट टास्क फोर्सने टेबलावरच्या संगणकाने आपली माहिती कोणत्या साच्यात द्यावी याचे नियम घडवायला घेतले, आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर आणला. या जातीच्या साधनात प्रत्येक यंत्रावर एक लहानसा प्रोग्रॅम राहतो, ज्याला एजंट म्हणतात. तो ठरावीक वेळाने यंत्राचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क, अनुक्रमांक आणि चढवलेले प्रोग्रॅम यांची यादी करून मध्यवर्ती सर्व्हरकडे धाडतो. जुन्या आयबीएमच्या मीटरचे काम तेच, फरक एवढाच की आता मीटर वाचायला कोणाला यावे लागत नाही.

एजंट खोटे बोलत नाही, पण त्याला जे शिकवले तेच तो सांगतो. यंत्राच्या मदरबोर्डवरील स्मृतीत निर्मात्याने अनुक्रमांक आणि मालकाचा टॅग क्रमांक लिहावा यासाठी जागा राखलेली असते. सुटे भाग जोडून यंत्रे विकणाऱ्या असंख्य दुकानांनी ती कधी भरलीच नाही, त्यामुळे शेकडो यंत्रांचा अनुक्रमांक ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’, म्हणजे निर्मात्याने भरावयाचा, असाच छापून येतो आणि यादी पाहणाऱ्याला एकाच क्रमांकाची पन्नास यंत्रे दिसतात. शिवाय एजंट नसलेले यंत्र यादीत नसतेच. म्हणून दुसरा पंथ निघाला, जो जाळ्यातील प्रत्येक पत्त्याचे दार ठोठावून कोण उत्तर देते ते पाहतो. एकाने आतली माहिती खोल मिळते, दुसऱ्याने व्याप्ती मिळते, आणि अनुभवी प्रशासक दोन्ही चालवतो व दोहोंच्या याद्या जुळत नाहीत याचे आश्चर्य करीत नाही.

खर्चाच्या प्रश्नाने या साधनांना कार्यालयात कायमची जागा दिली. गार्टनर या संस्थेने १९८७ साली संगणकाचा एकूण मालकीखर्च मांडण्याची पद्धत रूढ केली. खरेदीची किंमत हा त्या खर्चाचा लहान भाग असून दुरुस्ती, मदत आणि वाया जाणारा वेळ यांतच खरा पैसा जातो, हे तिचे सांगणे होते. ब्रिटनमध्ये सीसीटीए या सरकारी संस्थेने त्याच दशकाच्या अखेरीस आयटिल नावाची पुस्तकमालिका काढली आणि यंत्र, प्रोग्रॅम, जोडणी व त्यांचे परस्परसंबंध एका कोठारात नोंदवण्याचा आग्रह धरला, ज्याला पुढे सीएमडीबी हे नाव मिळाले. नंतर आले सन २००० चे संकट, ज्यात वर्षाचे दोनच अंक साठवणारे प्रोग्रॅम कोलमडण्याची भीती होती. अमेरिकी लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शिकेत दुरुस्तीच्या आधी आपल्याकडील प्रणालींची सूची करण्याची पायरी घातली होती. त्या दुरुस्तीचे मोठे काम मुंबई, पुणे आणि चेन्नई येथील कंपन्यांकडे आले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दुरुस्तीच्या आधीची सूची मात्र पाश्चात्त्य कंपन्यांच्या कित्येक कार्यालयांत त्या निमित्ताने पहिल्यांदाच झाली, हे फारसे बोलले जात नाही.

पुण्यातील त्या कंपन्यांना स्वतःच्या यंत्रांची मोजणी वेगळ्याच कारणाने करावी लागे. १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि पुणे हे तिच्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. निर्यातीसाठी काम करणाऱ्या कंपनीला या योजनेत संगणक आयातशुल्काशिवाय आणता येत. अट अशी की कंपनीची जागा सीमाशुल्क कायद्याच्या दृष्टीने बंधपत्राखालचे गोदाम मानली जाई, आणि गोदामातला माल शुल्क भरल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय बाहेर जात नाही. कार्यालयातला प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक टेबलावरचे यंत्र असे ‘बॉन्डेड’ असे. बॉन्ड रजिस्टरात त्याची आयातीची बिल ऑफ एन्ट्री, अनुक्रमांक आणि जागा लिहिलेली असे. यंत्र रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत न्यायचे तरी कागद करावे लागत. लॅपटॉप कर्मचाऱ्याने घरी न्यावा यासाठीसुद्धा नियमांत वेगळी सवलत घालावी लागली. यंत्र जुने झाले की ‘डीबॉन्डिंग’ होई, म्हणजे वापराच्या तिमाहींप्रमाणे घसारा वजा करून उरलेल्या किमतीवर शुल्क भरून ते बंधातून सोडवले जाई. घसारा तिमाहीवर ठरत असल्याने यंत्र आल्याची तारीख चुकली की शुल्क चुकले.

माहिती तंत्रज्ञानाच्या भारतीय इतिहासात या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. जगभरच्या ग्राहकांचे हिशेब संगणकावर चढवणाऱ्या उद्योगाला आपल्या संगणकांचा हिशेब सीमाशुल्क खात्याच्या शिस्तीत ठेवावा लागला, आणि त्या शिस्तीतून पुण्या-मुंबईत मत्तानोंदीचा जाणकार कर्मचारीवर्ग तयार झाला, ज्याला खरेदी, आयात, टॅग, गेटपास, घसारा आणि निर्लेखन ही सारी साखळी तोंडपाठ होती. गोदामाची ही अट २०१६ साली उठली. तोवर अनेक कंपन्यांच्या मत्ताप्रणालीत ‘बॉन्डेड आहे की नाही’ हा एक रकाना रुळून गेला होता, जो परदेशात तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात नसे आणि येथे मुद्दाम घालून घ्यावा लागे.

अशी साधने बनवणाऱ्या कंपन्यांचा इतिहासही रंजक आहे. त्यांतील एकीची कथा तर नीतिकथेत शोभावी. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या पेरेग्रिन सिस्टिम्सने १९९७ मध्ये ॲप्सिलॉग ही फ्रेंच मूळ असलेली कंपनी विकत घेतली आणि तिचे ॲसेटसेंटर हे उत्पादन मोठ्या कंपन्यांत मत्तागणनेचे प्रमुख साधन बनले. दुसऱ्यांच्या मालाचा अचूक हिशेब ठेवून देणाऱ्या या कंपनीचा स्वतःचा हिशेब मात्र खोटा निघाला: न झालेली विक्री झाल्याचे दाखवून उत्पन्न फुगवल्याचे २००२ साली उघड झाले, कंपनीने दिवाळखोरीत आश्रय घेतला, आणि पुस्तके नव्याने लिहिली तेव्हा पूर्वी दाखवलेल्या उत्पन्नातून सुमारे ५० कोटी ९० लाख डॉलर वजा करावे लागले. २००५ मध्ये एचपीने ती ४२ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेण्याचा करार केला. तिचे तंत्रप्रमुख राहिलेले फ्रेड लडी यांनी पुढे सर्व्हिसनाउ ही कंपनी काढली, जिची साधने आज याच कामासाठी जगभर वापरली जातात. बीएमसी सॉफ्टवेअर या दुसऱ्या प्रतिस्पर्धी कंपनीने पुण्यात विकासकेंद्र उघडले; ‘बीएमसी’ म्हणजे महापालिका असे समजणाऱ्या मुंबईकरांना तिच्या अभियंत्यांनी आपला पेशा किती वेळा समजावून सांगितला असेल याची मोजणी कोणत्याच प्रणालीत नाही. फ्रान्समध्ये २००३ पासून वाढत गेलेला जीएलपीआय हा मुक्त स्रोत प्रकल्प या व्यापारी स्पर्धेबाहेर राहिला आणि परवान्याचे पैसे परवडत नसलेल्या महाविद्यालयांना व लहान संस्थांना तोच जवळचा वाटला.

२००० नंतर मोजायची वस्तूच पातळ होत गेली. एका लोखंडी सर्व्हरवर दहा आभासी सर्व्हर चालू लागले, प्रोसेसरमध्ये एकाऐवजी अनेक गाभे आले, आणि विक्रेत्यांनी परवाना यंत्रामागे घेण्याऐवजी गाभ्यामागे घ्यायला आरंभ केला. आभासी सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर क्षणात सरकत असल्याने त्याला किती गाभे लागतात हा प्रश्न वकिलांच्या टेबलावर गेला. ॲमेझॉनने २००६ मध्ये तासाच्या भाड्याने संगणक द्यायला सुरुवात केली तेव्हा चक्र फिरून पुन्हा मीटरपाशी आले.

याच सुमारास परका प्रश्नकर्ता बदलला. आधी घरमालक, मग विक्रेता, मग जकातदार. आता आला हल्लेखोर, ज्याला यादी दाखवायची नसते, पण जो यादीत नसलेलेच यंत्र शोधत असतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. तिच्या परिशिष्टातील किमान उपाययोजनांत पहिली नोंद माहिती तंत्रज्ञानाच्या मत्तेच्या सूचीची आहे. आणि त्या सूचीत यंत्रे, प्रोग्रॅम व ग्राहकांची माहिती यांच्याबरोबर कळीच्या जागांवरील माणसेही धरली आहेत. जडवस्तूंच्या वहीत माणूस येण्याचा हा प्रसंग भाषेच्या अभ्यासकांनीही टिपून ठेवावा.

पुढच्याच वर्षी या क्रमाचे कारण न्हावाशेव्याच्या बंदरात दिसले. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या यंत्रणा कोसळवल्या, आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाने चालवलेल्या टर्मिनलवरचे काम विस्कळीत झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दिलेल्या माहितीनुसार ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. कोणता वापरकर्ता आणि कोणते यंत्र जाळ्यात वैध आहे याची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती राखत होते, आणि ते सगळे एकाच वेळी पुसले गेले. अपवाद घानामधील एका कार्यालयातील सर्व्हरचा, जो हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्यातून तुटलेला होता. मत्तागणनेच्या कोणत्याही प्रणालीने त्या क्षणी त्याच्यापुढे ‘संपर्काबाहेर’ असा लाल शेरा मारला असता.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा भाषेतील एका छोट्या घटकात गंभीर दोष सापडला तेव्हा तर यंत्र आणि प्रोग्रॅम यांची पूर्ण यादी हाती असलेल्या कंपन्याही अडल्या, कारण तो घटक विकत घेतलेल्या उत्पादनांच्या पोटात, कधी पोटातल्या पोटात होता आणि त्याचे नाव कोणत्याही बिलावर नव्हते. औषधाच्या वेष्टनावर घटक छापावेत तशी सॉफ्टवेअरची घटकसूची मागण्याचा आग्रह त्यानंतर वाढला. भारतात सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सायबर चौकटीत ती मागितली आहे.

हिशेबनीस या सर्वांत आपल्या वाटेने चालत राहिला. कंपनी कायदा २०१३ ची दुसरी अनुसूची टेबलावरच्या संगणकाला तीन वर्षांचे आणि सर्व्हरला सहा वर्षांचे आयुष्य देते. आयकरात संगणकावरचा घसारा पूर्वी ६० टक्के होता, तो २०१७ पासून ४० टक्के झाला. तीन वर्षांनी पुस्तकातील किंमत शून्याजवळ येते आणि हिशेबनिसाचे लक्ष उडते. यंत्र मात्र चालूच असते, त्यातील प्रणालीला निर्मात्याकडून दुरुस्त्या मिळणे बंद होते, आणि सुरक्षा पाहणाऱ्याची चिंता नेमकी तेव्हा सुरू होते. एकाच कंपनीत अशा दोन याद्या नांदतात: लेखाविभागाची मत्तानोंदवही, जिच्यात भंगारात गेलेली यंत्रे वर्षानुवर्षे जिवंत राहतात, आणि संगणक विभागाची प्रणाली, जिच्यात बिल न सापडलेली यंत्रे रोज हजेरी लावतात. लेखापरीक्षकांना १९७५ च्या आदेशापासून स्थिर मत्तेची संख्या आणि जागा यांच्या नोंदी व प्रत्यक्ष पडताळणी यांविषयी अभिप्राय द्यावा लागतो. २०२० च्या आदेशाने अमूर्त मत्तेच्या, म्हणजे विकत घेतलेले सॉफ्टवेअर जीत मोडते तिच्या, नोंदींबद्दलही स्वतंत्र अभिप्राय मागितला. त्या अभिप्रायासाठी ३१ मार्चच्या सुमारास दोन्ही याद्या छापून घेतल्या जातात, आणि एजंट, बारकोड व घटकसूची या सगळ्यांच्या नंतरही कोणीतरी कर्मचारी हाती बॅटरी घेऊन टेबलाखाली वाकतो व यंत्राच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचतो, आणि दुसरा तो यादीत शोधून त्यापुढे खूण करतो.